बापूंचं आडवं पिंप

आमच्या घरमालकांचं नाव मी इथे सांगत नाही. सांगितलं तरी दिंडोरी रोडच्या त्या गल्लीत कुणी ओळखणार नाही, कारण सगळे त्यांना बापू म्हणायचे, आणि जे बापू म्हणत नसत ते पाठीमागे धूरवाले म्हणत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नवराबायको त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेलो. जागा बघताना मी विचारलं, नळाला पाणी किती वेळ येतं. बापूंनी त्याचं उत्तर दिलं नाही. त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्याकडं स्टो हाय का ग्यास?"

"गॅस."

"ज्योत निळी का पिवळी?"

मी म्हटलं, कधी नीट बघितली नाही. ते हताश होऊन माझ्या नवऱ्याकडे वळले. जी बाई स्वतःच्या शेगडीची ज्योत बघत नाही तिला जागा द्यावी की नाही, असा पेच त्यांना पडलेला दिसत होता. पाणी सकाळी तासभर येतं, हे शेवटी त्यांच्या बायकोने, जिजींनी, आतून ओरडून सांगितलं आणि आमचं राहायचं ठरलं.

बापूंची सगळी नोकरी एका साखर कारखान्यात बॉयलरवर गेलेली. निवृत्त होऊन ते नाशकात आले, पण डोळे काही बॉयलरवरून उतरले नाहीत. रस्त्याने चालताना लोक समोर बघतात, बापू वर बघायचे. बेकरीचं धुराडं दिसलं की थांबायचे. "पांढरा धूर. आग उपाशी हाय हिची," म्हणायचे आणि आत जाऊन बेकरीवाल्याला तसं सांगायचेही. धूर म्हणजे आगीची तक्रार, असं त्यांचं मत होतं. आगीला पोटभर हवा मिळाली की ती तक्रार करत नाही. "माणसाचं बी तेच, म्याडम. आत हवा पोचली नाय का माणूस धुपत बसतो." हे तत्त्वज्ञान मला फारसं पटायचं नाही, कारण ते कशालाही लागू व्हायचं. माझ्या सासूबाईंचा स्वभाव, गल्लीतला न होणारा रस्ता आणि बापूंचं स्वतःचं पोट साफ न होणं, सगळ्याला हवा कमी पडत होती.

पण एकदा पेटवलेली कुठलीही गोष्ट त्यांनी हात लावला की नीट जळायची, हे कबूल करायला हवं. आमच्या बंबाची जाळी त्यांनी दोन बोटं वर उचलून बसवली आणि माझं निम्मं सरपण वाचलं.

परसात त्यांचं ते पिंप होतं. लोखंडी, आडवं, चार पायांवर उभं केलेलं. त्याच्या एका अंगाला, जरा खालच्या पातळीवर, एक लहान भट्टी डकवलेली आणि दुसऱ्या अंगाला धुराडं. आग भट्टीत, मटण पिंपात, आणि दोघांची गाठ पडायची नाही. फक्त ऊन हवा आणि धूर मटणावरून जाणार आणि धुराड्यातून बाहेर पडणार. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक परदेशी माणूस येऊन राहिला होता. त्याने घरच्या जेवणाच्या आठवणीने तिथल्या वेल्डरकडून असं पिंप करून घेतलं होतं आणि बापूंना एकदा त्यातला तुकडा दिला होता. "तसलं मटण म्हंजी, म्याडम, दात लावायचं कामच नाय. नुसतं डोळे वटारले तरी हाडावरून खाली उतरतं." त्या एका तुकड्यापायी बापूंनी तसंच पिंप बनवून घेतलं आणि ते जमवण्यात पुढची कित्येक वर्षं घालवली.

सरपणही साधं चालायचं नाही. बाभळीचा धूर कडू, आंब्याचा बरा, पण खरा धूर द्राक्षाच्या खोडाचा, असं त्यांचं ठरलेलं. त्यांच्या गावाकडे, सायखेड्याला, कुणी जुनी बाग मोडली की बापू एसटीच्या टपावर खोडांचा भारा टाकून आणायचे. कंडक्टर विचारायचा, हे काय. बापू म्हणायचे, मसाला.

आता हे सगळं परसातच का, तर जिजी माळकरी होत्या. ज्यांच्या घरात कुणी माळकरी नाही त्यांना सांगते. माळ घातलेल्या बाईच्या चुलीवर मटण शिजत नाही. तिच्या भांड्यांत नाही, तिच्या घरातही नाही. घरातल्या पुरुषाला खायचंच असेल तर त्याने बाहेर चूल मांडायची, बाहेरची भांडी वापरायची, बाहेर बसून खायचं आणि हातपाय, तोंड धुऊन मग उंबरा ओलांडायचा. बापूंचं एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट परसातल्या कोनाड्यात वेगळं ठेवलेलं असायचं. रविवारी बापू पिंपाशेजारच्या दगडावर ते ताट घेऊन बसायचे. जिजी उंबऱ्यात उभ्या राहून भाकरी वरून ताटात टाकायच्या, स्पर्श होणार नाही अशी. भाकरी ताटात पडली की थप्प आवाज यायचा. मग जिजी आत जाऊन एकट्या जेवायच्या आणि बापू बाहेर एकटे.

जिजी जन्मापासून अशा नव्हत्या. बापूंच्या सांगण्यानुसार सगळ्या सायखेड्यात त्यांच्यासारखं मटण कुणाला जमत नव्हतं, आणि नळी फोडून त्यातला गर ओढायला त्या पुरुषांना ऐकत नव्हत्या. मग एकदा कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि बापूंची छाती-हात भाजले. दवाखान्यात ते शुद्धीवर येईनात. जिजींनी बाहेरच्या बाकावर बसून विठोबाशी बोली केली, माझा माणूस उठून बसू दे, मी माळ घालते. बापू उठून बसले. जिजींनी माळ घातली.

"मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, भेंडी सोड," बापू म्हणायचे. "भेंडी मला आवडत बी नाय."

ते हे हसून सांगायचे, पण रविवारी त्या दगडावर बसलेले बापू बघितले की मला वाईट वाटायचं. त्यांना मटण हवं होतं हे खरं, पण त्यांना समोर जिजी हव्या होत्या. एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होते. ते म्हणाले, "हिच्यासंगं बसून खाल्लेलं शेवटचं मटण कसं होतं तेच आठवू नाय राहिलं. तेवढं ध्यान देऊन खाल्लं असतं तर बरं झालं असतं." मी उरलेले कपडे काढून आत गेले.

पिंपाची खोड अशी होती की भट्टीकडचं टोक करपायचं आणि धुराड्याकडचं कच्चं राहायचं. शिवाय धूर पांढरा, दाट, आणि तो सरळ जिजींच्या देवघरात जायचा. देवघरातून उरला की माझ्या वाळत घातलेल्या साड्यांत. मी शाळेत शिकवायचे. एकदा पाचवीच्या वर्गातल्या मुलीने विचारलं, बाई, तुमच्याकडे आज मटण का? मला राग आला तो वासाचा नाही. वास माझ्या साडीला आणि मटण बापूंच्या ताटात, हे बरं नव्हे. मी बापूंना तसं सांगितलं, तेव्हापासून रविवारी एक वाटी आमच्याकडे येऊ लागली, निम्मी करपलेली आणि निम्मी चामट.

जिजींनी मात्र निर्वाणीचं सांगितलं. देवघरात पुन्हा धूर आला तर पिंप भंगारात. मग बापू इरेला पेटले. आधी त्यांनी हवा कुठून शिरते आणि कुठून पळते ते शोधायला घेतलं. त्यासाठी त्यांनी पेटलेली उदबत्ती हातात धरून पिंपाभोवती फिरायला सुरुवात केली. जिथे फट असेल तिथे उदबत्तीचा धूर आत ओढला जायचा. झाकणाच्या कडेला, भट्टीच्या जोडाला, सगळीकडे फटी निघाल्या. त्या त्यांनी लिंपल्या, झाकणाला न जळणारी दोरी चिकटवली. जिजी मला म्हणाल्या, "उदबत्तीचा पुडा संपू लागला म्हणून मी मनात खूश, का आता तरी देवाचं बघू राहिले. बघते तर पिंपाला ओवाळू राहिले."

मग धुराडं. ते पिंपाच्या माथ्यावर बसवलेलं होतं, म्हणून ऊन हवा मटणाच्या डोक्यावरून सुसाट पळून जायची. बापूंनी ते तिथून कापलं आणि खाली जाळीच्या पातळीला लावलं, म्हणजे हवेला मटणावरून जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. वर त्याची उंचीही वाढवली, ओढ वाढावी म्हणून. भट्टीतली जाळी उचलली, राखेखालून हवा यायला वाट केली. आता धूर पातळ, निळसर झाला आणि घरांच्या वरून निघून जाऊ लागला. जिजींचं देवघर सुटलं. माझ्या साड्या सुटल्या. पण ते एक टोक अजून करपतच होतं.

त्यावर बापूंचा उपाय असा होता की भट्टीच्या तोंडाशी एक तिरपा पत्रा मारायचा, म्हणजे झळ एकदम मटणावर न येता खाली वळेल, आणि पुढे जाळीखाली भोकांचे पत्रे पसरायचे. भट्टीजवळ भोकं बारीक आणि दूर दूर, दुसऱ्या टोकाकडे मोठी आणि जवळ जवळ. पण भोकं किती मोठी, हे कसं कळणार? दर वेळी मटण घालून बघणं परवडणारं नव्हतं. मग बापूंना पापड सुचले. जिजींचे नागलीचे पापड, उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिळून गच्चीवर वाळवलेले. ते कच्चे पापड त्यांनी जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडले, झाकण लावलं आणि थोड्या वेळाने उघडलं. भट्टीकडचे काळे, मधले भाजलेले, पलीकडचे नुसते कोमट. पिंपाची ऊब कुठे कशी आहे ते डोळ्यांना दिसलं. बापू पत्रा काढायचे, भोकं वाढवायचे, पुन्हा पापड मांडायचे. काळे-कच्चे पापड गल्लीतल्या गाईला जायचे. ती गाय मग आमच्या फाटकाशीच राहू लागली.

आणि एके दिवशी ते जमलं. बापूंनी झाकण उघडलं तर सगळे पापड एकसारखे भाजलेले. एक काळा नाही, एक कच्चा नाही. मी खिडकीतून बघत होते. बापूंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक पापड उलटून बघितला. मग त्यांनी ते पापड एकेक करून उचलले आणि स्वयंपाकघरातल्या टोपलीत नेऊन ठेवले. असे पापड गाईला घालायचे, हे त्यांच्या मनाला पटलंच नसणार. ती जाळी मटणाची आहे हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्या घडीला ती त्यांच्या लेखी मोजायचं यंत्र होती.

त्या दिवशी द्वादशी होती. जिजी आदल्या दिवशीची एकादशी करून सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेल्या होत्या. त्या आल्या आणि पान घेऊन बसल्या. मी उसनी साखरेची वाटी परत द्यायला तिथे गेले होते. त्यांनी वरणभात कालवला, टोपलीतला पापड घेतला, मोडला, तोंडात घातला. आणि थांबल्या.

"हा कुठं भाजला?"

बापू परसातून आत आले, चेहरा नुसता फुललेला. "बघ की, सगळे सारखे. लय दिवसांनी जमलं. पार त्या टोकापर्यंत..."

तिथे त्यांना कळलं. जिजींनी कधीकाळी गावाला मटण घातलेलं, चरबीचा वास त्यांना सांगावा लागत नव्हता. त्या उठल्या, मोरीत गेल्या, चूळ भरली, पुन्हा पुन्हा भरली. पान झाकून ठेवलं. बापू दारात उभे होते. "मीच ठेवले," ते म्हणाले. जिजींनी मान हलवली, एवढंच.

मला वाटलं, बाटल्याचं दुःख असेल. दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर जिजी मला म्हणाल्या, "तसं नाय पोरी. न कळत झालं, देव समजून घेईल. पण बोली कशाची होती? ह्यांच्या जिवाची. मी माळ पाळायची आन त्यानं ह्यांना ठेवायचं. माझ्या बाजूनं मोडली ना आता."

त्या दिवसापासून त्यांनी बापूंवर पहारा बसवला. बापू खोकले की जिजी हातातलं टाकून यायच्या. टाकी धुवायला शिडीवर चढू देईनात. दुपारी बापू आडवे झाले तर छाती वरखाली होते का ते दारातून बघायच्या. बापूंनी पुष्कळ समजावलं. आगीतून गेलेली वस्तू कोरी असते म्हणाले. ते काही चाललं नाही. मग ते डॉक्टरकडे जाऊन छातीची कार्डिओग्रामची पट्टी काढून आले आणि जिजींपुढे धरली, "हे बघ, बॉयलर इन्स्पेक्टरनं पास केलं." जिजी म्हणाल्या, डॉक्टरला काय माहीत बोली कुणाशी झाली ते. शेवटी दोघं सायखेड्याला कीर्तनकार बुवांकडे गेली. बुवा म्हणाले, अजाणता घडलं, दोष नाही, जास्त नाम घ्या. जिजी परत आल्या त्या आणखीच गप्प. मला म्हणाल्या, "बुवाला सांगायला काय जातंय? बुवाचा नवरा थोडाच जाणार हाय."

त्या खंगायला लागल्या. जेवण निम्म्यावर आलं. ज्याला जाणार म्हणून घाबरायचं तो धडधाकट आणि घाबरणारी वाळत चाललेली, असं ते उलटंच होऊन बसलं. बापूंनी पिंपाला हात लावणं सोडलं होतं. इतक्या वर्षांनी दोन्ही टोकं जुळलेली आणि पिंप थंडगार. गाय वाट बघून निघून गेली.

एका संध्याकाळी जिजी उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. बापू परसातून आले आणि खाली पायरीवर बसले. मी नळावर होते. ते म्हणाले, "बॉयलरची एखादी नळी फुटली ना, तर बॉयलर मोडीत नाय काढत. त्या नळीची दोन्ही तोंडं बुजवायची आन बाकीच्यावर चालवायचं. तुझी एक फुटली, ती मी बुजवतो. वर्षभर मी बी मटण तोंडात घालणार नाय. माळ मला नको, टोचंल. पण खाणार नाय. वर्षात मला काय झालं नाय, तर समजायचं बोली टिकली."

जिजींनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "जमणार नाय तुम्हाला."

"नाय जमलं तर तूच म्हणती ना का मी मरंन. मंग जमवावंच लागंल."

त्यावर जिजी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्या दारावरून गेले. आत दोन पानं समोरासमोर मांडलेली होती. जिजींनी भाकरी बापूंच्या ताटात हाताने ठेवली, मोडून दिली, वर तूप घातलं. आवाज काही झाला नाही. बापू पिठल्याकडे असे बघत होते की कुणाला वाटावं, पहिल्यांदाच बघतात. मी आल्या पावली आपल्या खोलीत परत गेले.

पिंप मात्र पुन्हा पेटलं. आमच्यासाठी. बापूंना ते बंद ठेवणं सोसेना, इतकं नीट जमलेलं पिंप. रविवारी ते सकाळपासून भट्टीपुढे बसायचे, खोडं एकेक करून घालायचे, मटण उतरवायचे आणि मला पुढ्यात बसवून खायला लावायचे. त्यांची जीभ मी झाले होते. "हे भट्टीकडचं. हे पल्याडचं. सारखं लागतं का?" मी म्हणायचे, सारखं. "खरं सांगा, म्याडम, भाडेकरू म्हणून बोलू नका." मी डोळे मिटून पुन्हा खायचे. खरंच दोन्ही टोकांचं सारखंच होतं, मऊ, आतपर्यंत धूर मुरलेलं, हाडावरून आपोआप सुटणारं. आयुष्यात इतकं चांगलं मटण मी खाल्लं नाही, आणि ज्याने ते केलं त्याने ते चाखलं नव्हतं. मी 'सारखं' म्हणाले की ते हात धुऊन आत पिठलं खायला जायचे.

वर्ष सरलं. त्या रविवारी जिजींनी कोनाड्यातलं जर्मनचं ताट काढलं, राखेने घासून लख्ख केलं आणि पिंपाशेजारच्या दगडावर ठेवलं. "झालं वर्ष. काय नाय झालं तुम्हाला. घ्या, बसा आता," त्या म्हणाल्या. आवाज मोकळा होता, वर्षभराचा घोर त्यातून उतरला होता. मी वाटी घेऊन उभीच होते. मला वाटलं, बापू आता झडप घालणार. त्यांनी झाकण उघडलं. वास सगळ्या परसात पसरला. त्यांनी मटणाकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग उंबऱ्यात उभ्या असलेल्या जिजींकडे बघितलं.

"परवा टाकीवर चढताना जराशी धाप लागली होती," ते म्हणाले.

"धाप?"

"जराशीच. पण पक्कं नाय म्हणता यायचं. अजून एक वर्ष बघू."

जिजींनी दगडावरचं ताट उचलून पुन्हा कोनाड्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग आत या. पिठलं निवू राहिलं."

पुढे आम्ही इंदिरानगरला स्वतःचं घर घेतलं. दोन हजार साल उलटून गेलं तरी अधूनमधून रविवारी मी दिंडोरी रोडला जायचे, आणि बापू मला खायला घालून विचारायचे, सारखं लागतं का. त्यांचं वर्ष काही संपलं नव्हतं. एकदा मी जिजींना सहज म्हटलं, बापूंची धाप एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवी. जिजी परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी परसाकडे नजर टाकली आणि आवाज खाली केला.

"धाप नाय नि काय नाय. टाकीवर चढताना मी बघती ना, पोरासारखे चढत्यात. पण इचारू कशाला? इचारलं तर उद्या बाहेर जाऊन बसतील."

त्यांनी दोन पानं मांडली, हात पुसले आणि दारातून हाक मारली, "अहो, धाप कमी झाली असंल तर जेवायला या."